कोपराची उंची

“काका, वर एवढा दांडा असून हात खाली कसा लागलाय?” असं रंगाऱ्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो बादलीतला ब्रश ढवळायला लागला. त्याला खरं तर उत्तर नकोच होतं. काम करताना तोंड चालू ठेवायची त्याची सवय होती, आणि दोन दिवसांत पंख्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्याची चौकशी त्याची करून झाली होती. घराचा मालक, कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, चहाचे दोन कप घेऊन दारात उभा होता. त्याने भिंतीकडे पाहिलं. पलंग काल बाहेर निघाला होता, कपाट मध्ये ओढलं होतं, पडदे उतरवले होते, त्यामुळे खोलीत नको इतका उजेड आला होता. त्या उजेडात पलंगाच्या जागेपासून बाथरूमच्या दारापर्यंत भिंतीवर एक पट्टा दिसत होता. तळहाताएवढा रुंद, मळकट, थोडा तेलकट. आणि त्याच्या वर, चांगलं वीतभर अंतर सोडून, त्याने स्वतः बसवलेला स्टीलचा दांडा चकाकत होता. दांड्याला कुठे हाताचा माग नव्हता. चहा बोटांवर सांडला तेव्हा त्याला कळलं, की आपण कप वाकडे धरले आहेत.

पट्टा त्याने आधी पाहिला नव्हता असं नाही. पडद्याच्या अंधारात तो नुसता मळ वाटायचा. एकदा तर तो बायकोला म्हणालाही होता, “भिंत कशाला मळवतेस? दांडा आहे ना धरायला.” त्यावर ती म्हणाली होती, “हो, विसरते मी.” हे आता त्याला शब्दाला शब्द आठवलं. आठ महिने झाले होते तिला जाऊन, आणि हे वाक्य त्यात एकदाही आठवलं नव्हतं.

“तेलाचा डाग आहे हा,” रंगारी चहा घेत म्हणाला. “आधी साबणाने धुवावं लागेल, मग घासायचं, मग प्रायमर. नुसता रंग मारला तर महिनाभरात पुन्हा वर येतो. तेलाची जातच तशी. दांडा तेवढा काढून द्या, किंवा मी काढतो.”

“मी काढतो,” फिटर म्हणाला. “तुम्ही आज स्वयंपाकघर घ्या.”

“काल तर म्हणालात ही खोली आधी.”

“आज स्वयंपाकघर घ्या.”

रंगाऱ्याने खांदे उडवले आणि शिडी उचलून तो आत गेला. जाताना म्हणाला, “मालक तुम्ही.” फिटर त्या रिकाम्या खोलीत एकटाच राहिला. पहिल्या दिवशी याच रंगाऱ्याला खोली दाखवताना त्याने दांड्यावर हात ठेवून सांगितलं होतं, “हा मी बसवला होता तिच्यासाठी. पण तिने धरला नाही. पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि त्यातच गेली.” रंगाऱ्याने जीभ टाळ्याला लावून च्‌च्‌ केलं होतं आणि म्हणाला होता, “बायका ऐकत नाहीत, काका.” तेव्हा फिटरला बरं वाटलं होतं. बरं वाटलं होतं हे आता आठवताना त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हे वाक्य तो आठ महिने सांगत आला होता. सांगून सांगून ते गुळगुळीत झालं होतं, कानस मारून धारा मोडलेल्या तुकड्यासारखं; बोलताना आता ते कुठे टोचत नव्हतं. दांडा होता, तिने धरला नाही. डॉक्टरला सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या बाईंना सांगितलं, कारखान्यातले जुने सोबती भेटायला आले त्यांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, तिच्या मोठ्या भावाला तर दोनदा सांगितलं. दूधवाल्याला कशाला सांगायचं होतं, हे त्याला आता काही केल्या समजेना.

घराला रंग काढायचं मुलीने सुचवलं होतं. “बाबा, त्याच त्या भिंतींकडे बघत बसू नका. रंग काढा, सामान इकडचं तिकडे करा, आईची खोली तुम्ही घ्या. दिवस बदलले तर घरही बदलू दे की जरा.” मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, बोलते थोडं, पण समोरच्याला काय दिसतंय आणि काय नाही हे तिला पटकन कळतं. तो नको नको म्हणाला होता, पण ते नको नुसतं वरवरचं होतं. त्या खोलीत कामाचं टेबल टाकायचं हे त्याच्या मनात आधीपासून होतं. खिडकीखाली जाड फळीचं टेबल, त्यावर काम घट्ट पकडायचा व्हाइस, भिंतीला हत्यारांची पाटी. कधीपासून होतं, हे त्याने मुलीला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. ती गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात, बाहेरच्या खोलीत लोक भेटायला आलेले असताना, तो रुमाल आणायला म्हणून आत आला होता आणि खिशातली टेप काढून त्याने खिडकीखालची जागा मोजली होती. एक मीटर ऐंशी. मग टेप खिशात टाकून, रुमाल न घेताच, तो बाहेर जाऊन लोकांत बसला होता. मग रंगाचं कार्ड आलं तेव्हा तीन दिवस तो ते कार्ड घेऊन भिंतीभिंतीला लावून बघत फिरला. चाळीस वर्षं घराला पांढरा रंग होता, कारण पांढऱ्यात चूक लगेच दिसते असं त्याचं म्हणणं होतं. या खेपेला त्याने फिकट पिवळा निवडला. कशासाठी ते सांगता येत नव्हतं, आवडला. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या, त्यांनी रंगाचे डबे पाहिले आणि हसून म्हणाल्या, “काय हो, घर सजवताय? कोणी यायचंय की काय?” त्या आपल्या थट्टेने बोलल्या होत्या. पण तो दोन मजले चढून वर आला तरी तोंडावरचं रक्त उतरलं नव्हतं, कारण डबे उचलून आणताना तो शीळ घालत होता आणि ती बाईंनी ऐकली असणार.

आता तो स्टूल आणून दांड्यापाशी बसला आणि पहिला स्क्रू सोडवायला लागला. स्क्रू घट्ट होते. त्याचे स्क्रू कधी सैल निघाले नाहीत. कारखान्यात टूलरूममध्ये तो चौतीस वर्षं होता आणि सगळे त्याला मायक्रॉन म्हणायचे, साहेबसुद्धा. एकदा एका सोबत्याने त्याच्या पाठीमागे म्हटलं होतं, “मायक्रॉनची बायको भाजी चिरताना मायक्रोमीटर लावत असेल,” आणि ते त्याने घरी येऊन तिला सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. हसून झाल्यावर म्हणाली, “लावत नाही म्हणून तर बोलणी खाते.” तो तेव्हाही हसला होता. हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं की काय, असं आता स्क्रू फिरवताना त्याच्या मनात आलं. ती बोलायची ते सगळं हसत बोलायची, आणि त्यामुळे त्यातलं खरं कोणतं हे शोधायची त्याला कधी गरज पडली नाही.

तिचे गुडघे गेले, मग तोल जायला लागला. डॉक्टर म्हणाले, भिंतीला काहीतरी आधार लावून घ्या. बाजारात तयार दांडे मिळत होते, मुलगी म्हणाली मी आणते. त्याने साफ नकार दिला. बाजारातला दांडा म्हणजे पातळ पत्रा आणि प्लास्टिकची टोकं. त्याने जुन्या ओळखीतून जाड पाइप आणला, कापला, टोकं बंद करून घासली, पाच ब्रॅकेट स्वतः बनवले. तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी भिंतीवर खूण करायची वेळ आली तेव्हा तो भिंतीला खेटून उभा राहिला, हात कोपरात वाकवला आणि कोपराखाली पेन्सिलने रेघ मारली. यात विचार करण्यासारखं त्याला काही वाटलंच नाही. त्याच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलेली ही गोष्ट होती: व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला. कोपराच्या वर गेला तर खांदा दुखतो, खाली गेला तर कंबर. त्या उस्तादांनी टूलरूममध्ये एका बुटक्या वेल्डरच्या पायाखाली चार बोटांची फळी टाकून दिली होती आणि सगळ्यांसमोर म्हणाले होते, “माप माणसाचं घ्यायचं, टेबलाचं नाही.” पस्तीस वर्षांपूर्वीची ती फळी फिटरला आता डोळ्यांसमोर दिसत होती, तिच्यावरचा तेलाचा काळा डागसुद्धा. त्याने माप माणसाचं घेतलं होतं. घरातलं जे एकच माणूस त्याला ठाऊक होतं त्याचं, स्वतःचं.

ती त्याच्या खांद्याखाली यायची, तेही तरुणपणी. नंतर पाठ वाकली. फोटो काढताना फोटोवाला नेहमी त्याला खुर्चीत बसवायचा आणि तिला मागे उभं करायचा, तेव्हा कुठे दोघांची डोकी एका रेषेत यायची. हे सगळं त्याला माहीत होतं. माहीत नसायला तो काय परका होता? पण रेघ मारताना ती बाजूलाच उभी होती, दाराच्या चौकटीला धरून, आणि त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं नाही. दांडा बसला. तिने पुढे येऊन हात वर केला, धरला, सोडला आणि म्हणाली, “अहो, जरा उंच वाटतो का हो?” त्यावर त्याने काय केलं? त्याने हत्यारांच्या पेटीतून लेव्हल काढली, दांड्यावर ठेवली आणि म्हणाला, “बुडबुडा बघ. बरोबर मध्ये आहे. केसभरसुद्धा वरखाली नाही.” ती वाकून बुडबुडा बघत राहिली. मग म्हणाली, “हो की. अगदी मध्ये आहे.” आणि त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतः आत नेऊन दाखवायची. “यांनी स्वतः बसवलाय. तीन दिवस खपत होते.” लोक हात लावून बघायचे, वा म्हणायचे, आणि तो बाहेरच्या खोलीत बसून ऐकायचा, पेपर वाचतोय असं दाखवत.

पाचवा ब्रॅकेट सुटला. त्याने दांडा जमिनीवर ठेवला आणि पेटीतून टेप काढली. दांड्याच्या भोकांपासून जमिनीपर्यंत एकशे दहा. पट्ट्याच्या मध्यापासून जमिनीपर्यंत शहाऐंशी. चोवीस सेंटीमीटर. कारखान्यात एका मिलिमीटरच्या दहाव्या भागासाठी त्याने अख्खा लॉट परत पाठवला होता आणि दोन दिवस कोणाशी बोलला नव्हता. तो तसाच टेप धरून उभा राहिला. स्वयंपाकघरातून रंगाऱ्याचा ब्रश भिंतीवर फिरल्याचा आवाज येत होता, मधूनच रंगारी गाण्याची एकच ओळ म्हणत होता आणि पुढची येत नाही म्हणून पुन्हा तीच घेत होता. फिटरने दार लोटून घेतलं. मग तो पट्ट्यावर हात ठेवून वाकला, आणखी वाकला, तिच्या उंचीला आला, आणि पलंगाच्या जागेपासून चालायला लागला. भिंत गार होती. पट्ट्यावरचा गिलावा आजूबाजूच्या गिलाव्यापेक्षा मऊ लागत होता, घासून घासून झालेला. रोज सकाळी ती गुडघ्यांना तेल चोळून उठायची, त्याच हाताने. तीन पावलांवर पट्टा जरा रुंद होता; इथे ती थांबत असणार. मग चार पावलं सलग. मग एका जागी पाच बोटांचे पाच ठसे वेगवेगळे दिसत होते. बाथरूमच्या चौकटीपाशी पट्टा एकदम खाली उतरला होता, त्याच्या मांडीइतका खाली, आणि तिथे दोन हातांची जागा होती. इथे ती दोन्ही हात टेकून श्वास घेत असेल. त्याला एवढं वाकून तिथपर्यंत यायला पाठीतून कळ आली. रोज किती वेळा? पाच, सहा? तो त्या वेळी कुठे असायचा? बाहेर. शंभर वेळा बाहेर, पेपर घेऊन, चष्मा पुसत, रेडिओ लावत. आणि कान मात्र खोलीकडे ठेवून. तिच्या चपलेचा फरफट आवाज आला की मनात म्हणायचा, दांडा आहे म्हणून चालते आहे.

पडली ती सकाळी, दहाच्या सुमाराला. तो दूध तापवत होता. आवाज मोठा नव्हता. उशी पडावी तसा. तो गॅस बंद करून गेला, आधी गॅस बंद केला हेही त्याला आठवत होतं, आणि ती भिंतीशी आडवी पडलेली दिसली. तेव्हा त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: “दांडा का नाही धरलास?” लागलं का, काय झालं, ऊठ, थांब, यातलं काहीच नाही. ती खालून त्याच्याकडे बघत होती. तिचा ओठ दाताखाली होता. म्हणाली, “राहिलं.” बस, एवढंच. पुढे पाच आठवडे दवाखान्यात. तिथे तिचा मोठा भाऊ आला, शाळेत हेडमास्तर होता, निवृत्त झाला तरी आवाज वर्गातलाच. फिटरने त्याला पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून सगळं सांगितलं, हाताने दांड्याची लांबीसुद्धा दाखवली. हेडमास्तर बहिणीकडे वळून म्हणाला, “काय गं, जावईबापूंनी एवढं करून दिलं आणि तुला साधा हात लावता आला नाही? लहानपणापासून अशीच. ऐकायचं म्हणून नाही.” ती उशीवर मान हलवून म्हणाली, “चुकलंच माझं, दादा.” आणि हसली. फिटर तिथे होता. तिने हसून त्याच्याकडे एक नजर टाकली होती, आणि ती नजर त्याने माफीची नजर म्हणून घेतली होती. त्याने माफही केलं होतं. मान हलवून, मोठ्या मनाने.

बारा वाजता मुलगी आली, दुकानातून जेवणाच्या सुट्टीत, पडद्यांच्या कापडाचे तुकडे घेऊन. “बाबा, हा बघा, पिवळ्याला हा जाईल. का हा?” असं म्हणत ती खोलीत शिरली आणि थांबली. तो जमिनीवर भिंतीला पाठ लावून बसला होता, शेजारी दांडा, मांडीवर टेप.

“काय झालं? पाठ धरली का?”

“बस,” तो म्हणाला.

“अहो बसते, पण झालं काय? रंगारी म्हणतोय काका सकाळपासून दार लावून बसलेत, चहा पण दुसरा दिला नाही.”

“दांडा उंच होता,” तो म्हणाला. “चोवीस सेंटीमीटर.” त्याला वाटलं तिला समजलं नाही, म्हणून त्याने पट्टा दाखवला, भोकं दाखवली, टेप लावून दाखवली. “तिचा हात इथे होता. मी तो तिथे लावला. तिला तो धरून चालताच येत नव्हतं. ती भिंत धरून चालायची, आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो...”

मुलीने कापडाचे तुकडे खिडकीत ठेवले आणि ती त्याच्यासमोर खाली बसली. तिने पट्ट्याकडे बघितलंच नाही. ते त्याच्या लक्षात आलं. जी गोष्ट पहिल्यांदा दाखवली तिच्याकडे माणूस बघतं.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“कधीपासून?”

“लावला त्याच आठवड्यात. आईनेच सांगितलं. म्हणाली, धरला की काखेत कळ येते. मी म्हटलं, बाबांना सांगते, खाली घेतील. तर म्हणाली, खबरदार. पुन्हा टेप काढतील, पुन्हा तीन दिवस, भिंतीची चाळण करतील. आणि तोंड एवढंसं होईल त्यांचं, ते मला बघवायचं नाही.”

“आणि तू गप्प बसलीस?”

“मी दोनदा विषय काढला होता, बाबा. तुमच्यासमोर. एकदा म्हटलं, आईला तो जरा खाली हवा का? तुम्ही म्हणालात, तुला यातलं काय कळतं.”

त्याला ते आठवलं नाही. आठवलं नाही याचीच त्याला जास्त लाज वाटली. असं किती वेळा म्हटलं असेल, की एक वेळ वेगळी आठवू नये. मग त्याला उगाच राग आला. तो म्हणाला, “मग फोनवर तूच तिला ओरडायचीस. दांडा धरून चाल म्हणून. मी ऐकलंय.”

“तुम्ही ऐकावं म्हणूनच ओरडायचे. तिकडून ती हसायची. हळूच म्हणायची, ओरड जरा, हे इथेच बसलेत.” मुलगी हे सांगताना हसली, आणि तिच्या हसण्यात आईचं हसणं जसंच्या तसं होतं, खालचा ओठ आत घेऊन. मग ते गेलं. “ती गेल्यावर मला वाटलं, आता तुम्ही बोलायचं थांबाल. मामाला तुम्ही सांगत होता तेव्हा मी शेजारीच बसले होते. दारात कोणी आलं की मी मोजायचे, किती मिनिटांनी दांड्यावर येतायत. मला तुमचा फार राग आला होता, बाबा. घर बदला म्हटलं ना मी, ते काही सगळं तुमच्या भल्यासाठी नव्हतं. मला तो दांडा बघवत नव्हता. म्हटलं, रंग काढला की निघेल.”

“सांगायचं होतंस.”

“काय सांगायचं होतं? बायको गेलेल्या माणसाला?”

स्वयंपाकघरात रंगारी अजून त्याच ओळीवर होता. थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, “आई अजून एक म्हणाली होती. मी म्हटलं, अगं पण मग तो दांडा नुसता शोभेचा का? तर म्हणाली, असू दे. त्यांच्या हाताला बरोबर आहे. पुढे त्यांनाच लागेल.” हे सांगून ती उठली, चपला घातल्या, घड्याळ बघितलं. दारातून परत आत आली आणि पडद्याच्या तुकड्यांतला एक उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. “हा घ्या. तो दुसरा भडक होईल.” तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही की गळ्यात पडली नाही, तशी ती नव्हतीच. गेली.

मुलगी गेल्यावर तो बराच वेळ फोन हातात धरून होता. मग त्याने हेडमास्तरला लावला. पलीकडून तो वर्गातला आवाज आला, “बोला जावईबापू, रंग झाला का? पोरगी म्हणत होती पिवळा काढताय. या वयात पिवळा, मजा आहे.” फिटर म्हणाला, “दादा, तो दांडा मी उंच लावला होता. तिला तो धरून चालता येत नव्हतं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.” पलीकडे काही नाही. त्याला वाटलं फोन कट झाला. मग हेडमास्तरने विचारलं, “किती?” चाळीस वर्षांच्या ओळखीत याने त्याला मापाचं काही पहिल्यांदाच विचारलं होतं. “चोवीस सेंटीमीटर,” तो म्हणाला. मग तो आवाज आला, पण आता तो वर्गातला नव्हता, खूप म्हाताऱ्या माणसाचा होता. “आणि मी तिला दवाखान्यात...” हेडमास्तर म्हणाला, आणि वाक्य तिथेच राहिलं. “ती म्हणाली चुकलं. माझ्याकडे बघून म्हणाली. मी तिला शेवटचं बोललो ते तेवढंच हो.” आणि त्याने फोन ठेवला. फिटरला वाटलं होतं, सांगितलं की अंगावरून काहीतरी उतरेल. उतरलं काहीच नाही. जे होतं तेवढंच राहिलं, आणि तेवढंच आणखी एका घरात जाऊन पडलं. तरीही दूधवाल्याला सांगायचं राहिलं होतं. खालच्या बाई राहिल्या होत्या. कारखान्यातले सोबती. रंगारी.

दुपारी रंगारी हात पुसत आला. “स्वयंपाकघराचा पहिला हात झाला. ही घ्यायची का आता? साबण आणलाय मी डागाला.”

“परवा मी तुम्हाला सांगितलं, की तिने दांडा धरला नाही,” फिटर म्हणाला. तो आता उभा होता. “ते तसं नव्हतं. मी तो माझ्या मापाने लावला. तिला तो धरून चालता येत नव्हतं.”

रंगारी भिंतीकडे बघत राहिला. वर, मग खाली, मग पुन्हा वर. त्याची ती विचारायची सवय कुठे गेली कोण जाणे. त्याने नुसता साबणाचा तुकडा या हातातून त्या हातात घेतला. “मी आपलं परवा बोलायचं म्हणून बोललो, काका. बायका वगैरे.”

“तुमचं काय चुकलं? मी सांगितलं तसं तुम्ही बोललात.”

“दांडा परत लावायचा? का भोकं बुजवू?”

फिटरने जमिनीवरचा दांडा उचलला. जड होता. त्याने तो भिंतीला त्याच्या जागी धरला, जुन्या भोकांवर, आणि दुसऱ्या हाताने वरून पकडला. कोपर वाकलं, खांद्याला काही कळ नाही, कंबरेला नाही, मनगट सरळ. सकाळपासून वाकून दुखणारी पाठ त्या आधाराने थोडी सैल झाली. दांडा त्याला अगदी बरोबर होता. त्याने तो पटकन खाली घेतला.

“भोकं असू द्या,” तो म्हणाला. “रंग झाला की मी लावीन. त्याच जागी.”

“आणि हा डाग? धुऊन घेतो मग.”

“धुऊ नका. घासूही नका. वरून नुसता रंग मारा.”

“काका, मी सकाळीच सांगितलं,” रंगारी समजावणीच्या सुरात म्हणाला. “नवाकोरा पिवळा रंग, त्यातून महिन्याभरात हा पट्टा वर येणार. नंतर लोक मला नावं ठेवतील. विचारतील, हे काय आहे म्हणून.”

“विचारू दे,” फिटर म्हणाला. “मी सांगेन.”